फुफूची अट आणि कोल्हापूरचं मटण

कोल्हापूरला जायचं ठरलं ते एका अटीवर. अट फुफूची होती.

फुफू म्हणजे माझी आत्या. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. रत्नागिरीच्या कॉलेजात पाठवलं, बी.ए. झाल्यावर बी.एड.ही करू दिलं. मोहल्ल्यातलं कुणी त्यावरून काही सुचवायला आलं की त्याला ती दारातूनच परत पाठवायची. सत्तरच्या दशकाचा मध्य होता. मला कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची नोकरी मिळाली. फुफूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी ते शहर मी बघणार. जिथे तुला रोज हलाल जेवण मिळणार नाही, तिथे तू राहणार नाहीस. मिळालं तर जा, नाहीतर इथल्या प्राथमिक शाळेत शिकव.

मला ती नोकरी फार हवी होती. आणि फुफूशी खोटं बोलायची सोय नव्हती. त्यामुळे जेवण खरोखरच शोधावं लागणार होतं.

हे आता लिहायचं कारण म्हणजे, मी कोल्हापूरवर काहीही लिहिलं की वाचक एकच प्रश्न विचारतात : तिथे हलाल कुठे मिळेल? हल्ली मोबाइलवर शोधलं की उत्तर येतं. दुकानांवर तशा पाट्याही असतात. मी सांगते आहे ती गोष्ट पाटी नव्हती तेव्हाची.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, मासळीवर जगणारी. मटण हलाल ठरतं ते मुसलमानाने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली तर; मासळीला सुरीचा प्रश्न नसतो. जाळ्यातून आली की ती सगळ्यांची. त्यामुळे रत्नागिरीत असताना या बाबतीत डोकं चालवायची वेळ आमच्यावर क्वचितच यायची. मटण आणायचं ते ओळखीच्या दुकानातून, ईदेला नाहीतर लग्नाला. कोल्हापूरला समुद्र नाही, ही फुफूची पहिली तक्रार होती.

एप्रिल संपत आला होता. पहाटेची एसटी धरली. तिकीट तेव्हा किती होतं ते सांगून आज उपयोग नाही. आज बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. पाली, साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट सुरू झाला. ज्यांना वळणांवर मळमळतं त्यांनी पुढच्या बाकावर बसावं आणि मागे वळून गप्पा मारू नयेत. घाटात मुली पानाच्या द्रोणात करवंदं विकत होत्या. वर पोहोचल्यावर मी मागे पाहिलं. आपण जिथे जन्मलो तो सगळा मुलूख इतका खाली, धुरकट, सपाट दिसेल याची मला कल्पना नव्हती. मी इतिहासाची पदवीधर, घाटावरचे आणि घाटाखालचे हे शब्द कितीदा लिहिलेले. त्यांचा अर्थ त्या दिवशी कळला. फुफू म्हणाली, बापरे, इथून पडलं तर थेट घरी. मग तिने तसबीह, म्हणजे जपमाळ, काढली आणि मलकापूर येईपर्यंत ठेवली नाही.

मलकापूरनंतर जमीन काळी झाली आणि ऊस सुरू झाला. दुपारी कोल्हापूर.

राहायची सोय शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी करून दिली होती. मंगळवार पेठेत आक्का नावाच्या विधवा बाईंची खानावळ होती. खाली जेवणाच्या दोन खोल्या, वर भाड्याची एक. नोकरी घेतली तर मी याच वरच्या खोलीत राहणार होते. आक्का म्हणजे उंच, हाडापेराने मोठी, नऊवारी नेसणारी मराठा बाई. "या पावणं, लई दमलासा जनू," असं ती रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "पानी तापवलंय. मी ताट वाढतो, तंवर हातपाय धुवा." कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी वाढतो' असं बोलतात. पहिल्यांदा ऐकताना कान टवकारतात, दोन दिवसांनी वाटतं की यांना असंच शोभतं.

खालच्या खोलीत भिंतीवर अंबाबाईची मोठी तसबीर, तिला ताजा हार. चुलीवर दोन पातेली, एकात लाल रस्सा, एकात पांढरा. त्या वासाने मी जिन्यातच थांबले. फुफूने तसबीर पाहिली, पातेली पाहिली, आणि आक्काला म्हणाली की आपले दात दुखतात, मऊ काहीतरी चालेल. दही, भाकरी आणि उकडलेली अंडी. मलाही तेच. आक्काने माझ्याकडे पाहिलं. माझे दात चांगले दिसत होते.

वर आल्यावर मी फुफूला म्हटलं, सरळ विचारायचं होतं. ती म्हणाली, ज्या बाईने आपल्यासाठी पाणी तापवून ठेवलं, तिला तुझं जेवण आम्हाला चालणार नाही असं तोंडावर सांगू? आमची घरची बोली कोकणी. इथे सगळ्यांना कळेल अशी लिहिते आहे, पण तिचा ठसका त्यात पूर्ण उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. आम्ही सकाळीच बाहेर पडलो, पण पहिला तास शहरानेच खाल्ला. गंगावेशीत रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या होत्या आणि मालक गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देत होते. तालमीतून आलेले पैलवान, अंगाला अजून लाल माती, एका दमात पेला रिकामा करून दुसरा मागत होते. एकेकाची मान माझ्या कमरेएवढी. फुफूने आयुष्यात इतकं दूध एकदम पाहिलं नव्हतं. तिने पेला घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि सगळा प्यायली. दुधालाही सुरी लागत नाही, असं म्हणून तिने ओढणीने ओठ पुसले. आजही कोल्हापूरला गेलात तर सकाळी हे दूध चुकवू नका, आणि पेला अर्धा टाकू नका. मालकाला राग येतो आणि तो योग्य आहे.

त्यानंतर मात्र पायपीट. दर्ग्याजवळ एक चहाचं हॉटेल सापडलं. मालक मुसलमान, सकाळी पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, मिळायचा. पण आत सगळे पुरुष, बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि आम्ही दारात उभ्या राहिल्यावर त्यांचं बोलणंच थांबलं. फुफू म्हणाली, अन्न ठीक आहे, पण बाईमाणसाने बसायचं कुठे? मुसलमान मुलांच्या एका वसतिगृहात जेवण होतं, ते फक्त मुलांसाठी. एका पानवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "जेवायचंच हाय न्हवं? मग आक्काच्या खानावळीत जावा की. तसला रस्सा दुसरीकडं न्हाय." पुढच्या कोपऱ्यावर एक म्हातारे शिंपी मशीन चालवत बसले होते. डोक्यावर टोपी, मागे भिंतीवर काबेचं चित्र. फुफूचा चेहरा उजळला. तिने सलाम केला आणि विचारलं, आपल्यातलं जेवण कुठे मिळेल? त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "आक्काकडं. आमी बी कामाच्या गडबडीत तितंच जेवतो की."

फुफूने त्यांच्याकडे असं पाहिलं की माझीच मान खाली गेली. रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, या शहरात आपल्या लोकांनी सगळं सोडून दिलेलं दिसतं.

संध्याकाळी मी तिला रंकाळ्यावर नेलं. एवढं गोडं पाणी एका जागी, त्यात मावळतं ऊन, काठावर भेळ खाणारी कुटुंबं. ती काठावर बसून पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, शहर सुंदर आहे, झेबू. म्हणून तर वाईट वाटतं. तिने मनात निकाल लावला आहे, एवढं मला कळलं.

तिसऱ्या दिवशी खानावळ बंद. आक्काच्या माहेरी, राधानगरीच्या रस्त्याला असलेल्या एका खेड्यात, म्हसोबाची जत्रा होती. पाहुण्यांना कुलूपबंद घरात ठेवून जाणं आक्काला मान्य नव्हतं. फुफूने दातांचं कारण पुन्हा काढलं, तेव्हा ती म्हणाली, "दात हितं ठेवा आनि तुमी चला." त्यावर फुफूला हसू आलं आणि नाही म्हणता आलं नाही.

एसटीने फाट्यापर्यंत, पुढे बैलगाडी. देऊळ म्हणजे पत्र्याखाली शेंदूर लावलेला दगड. पण भोवती सगळं गाव उभं होतं, आणि उभंच होतं. चुली पेटल्या होत्या, मसाला वाटून झाला होता, भाताची पातेली उतरली होती. देवासमोर हार घातलेलं बकरं बांधलेलं होतं. आणि कुणी काही करत नव्हतं. फेटे बांधलेले मोठे मोठे गडी उन्हात हात बांधून रस्त्याकडे पाहत होते.

मी आक्काला विचारलं, कशाची वाट पाहताय? "मुलान्याची," ती म्हणाली, जणू मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं. "शेरातनं येतोय. सायकल पंक्चर झाल्या म्हनं."

रजेवर आलेल्या एका जवान मुलाला धीर धरवेना. तो म्हणाला, सुरी हाय, बकरं हाय, मीच उरकतो की. त्यावर आक्काचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे तात्या म्हणत, नुसते मान वळवून म्हणाले, "तू कापल्यालं खानार कोन? आमच्यात मुलान्याचा हात लागल्याबिगार मटान शिजत न्हाय. मिलिट्रीत काय खातोस त्ये तितं."

फुफू माझ्या शेजारी गाडीच्या साटीवर बसली होती. तिने माझा दंड धरला. मुलाणी, म्हणजे गावाची जनावरं हलाल करणारा मुसलमान.

थोड्या वेळाने दस्तगीर मुलाणी आले. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, धोतर, सदरा, पांढरी टोपी, सायकल हातात धरून चालत आलेला. कुणीतरी त्यांना पाणी दिलं, त्यांनी आधी हात, तोंड, पाय धुतले. मग सुरीची धार अंगठ्यावर पाहिली आणि बकऱ्याचं तोंड पश्चिमेला करायला सांगितलं. ज्या मुलाला घाई होती त्यानेच ते धरलं. सगळी माणसं गप्प झाली. दस्तगीर यांनी बिस्मिल्ला म्हटलं ते इतक्या स्वच्छ, शांत आवाजात की मागच्या चुलीपर्यंत पोहोचलं. तात्यांनी फेट्याला हात लावला. म्हसोबासमोर, शेंदराच्या वासात, ढोल थांबवून एक अख्खं मराठ्यांचं गाव अल्लाचं नाव ऐकत उभं होतं, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. मी पुढे आयुष्यभर मुलींना इतिहास शिकवला. असलं काही मला पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

फुफूने आक्काला विचारलं, आणि तुमच्या खानावळीतलं मटण?

"त्ये बी दस्तगीरचंच," आक्का म्हणाली. "खाटकाचं दुकान हाय, पर सुरी ह्येचीच. रोज पाटं. माझ्या सासूनं पयल्या दिवशी सांगितल्यालं, दुसऱ्या हाताचं घरात आनायचं न्हाय. का वो?"

पाटी शोधत आम्ही अख्खं शहर पालथं घातलं होतं, आणि जिथून बाहेर पडलो तिथेच ते शिजत होतं. शिंप्याबद्दल ती काय म्हणाली होती ते मला आठवलं. तिलाही आठवलं असावं, कारण तिने ओढणी पुढे ओढली.

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण फुफूला मी कमी ओळखत होते.

पंगत बसली. तात्या स्वतः वाढायला आले. फुफूने पानावर हात आडवा धरला आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की दादा, सुरी योग्य हाताने फिरली, मी डोळ्यांनी पाहिलं. पण हे बकरं तुमच्या देवाच्या नावाने सोडलेलं. ते आम्हाला खाता येत नाही. माझे दात धड आहेत. मी तीन दिवस खोटं बोलत होते, ते माफ करा.

पंगत थांबली. मी पानाकडे बघत बसले. माझी नोकरी, ती वरची खोली, ते शहर, सगळं त्या पानावर होतं. आक्का पातेलं खाली ठेवून म्हणाली, "म्हंजी ह्येच्यापायी दह्यावर काढलं व्हय? इचारायला तोंड न्हवतं तुमास्नी?" ती रागावली होती, पण डोळे भरले होते.

तात्या मात्र आमच्याकडे बघत नव्हते. दस्तगीर लिंबाखाली बसले होते, शेजारी पळसाच्या पानात बांधलेला त्यांच्या मानाचा वाटा. तात्यांनी तिथूनच विचारलं, "दस्तगीर, खरं हाय ह्ये? देवाच्या नावाचं तुमच्यात चालत न्हाय?"

दस्तगीर यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "काही जन खात्यात, तात्या. आमच्या घरात न्हाय खात. बा बी न्हवता खात."

"मग ह्यो वाटा?"

"वड्याकडंच्या म्हातारीला देतो जाता जाता. मान हाय, नको कसं म्हनायचं?"

"आनि तू काय खातोस जत्रंला?"

"भाकरी आनतो की संगं."

तात्या वाढायचं पळं हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांच्या वडिलांच्या काळापासून हा माणूस दरवर्षी यायचा, गावाला जेवता यावं म्हणून उन्हात सायकल मारत यायचा, आणि गाव जेवायला बसलं की लिंबाखाली फडकं सोडून कोरडी भाकरी खायचा. "मला वाटायचं तू मागनं जेवून जातोस," ते एवढंच म्हणाले. मग वळून त्यांनी त्या जवान मुलाला हाक मारली आणि परड्यातला कोंबडा धरून आणायला सांगितलं.

कोंबडा सहज सापडला नाही. तो मुलगा, दोन काकू आणि शेवटी पदर खोचून मीही, असे आम्ही त्याच्यामागे धावलो. गाव पंगतीत बसून हसत होतं. "बाई, इतिहास ऱ्हावं द्या, डावीकडनं या," असं आक्का ओरडली. धरला तो मीच. तात्या दस्तगीर यांना म्हणाले, ह्यो देवाचा न्हाय, पाव्हन्यांच्या नावाचा. फुफूने लगेच दुरुस्त केलं, नाव फक्त अल्लाचं, खाणारे आम्ही. "बरं, तसं," तात्या म्हणाले. त्यांनी आयुष्यात इतक्या सहज कुणाचं ऐकलं नसावं, असं त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावरून दिसलं.

आक्काने वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात रस्सा केला. गाव तोवर बसून राहिलं. कुणी घास पुढे नेला नाही, कुणी कुरकुरलंही नाही. पलीकडच्या पुरुषांच्या रांगेत तात्यांनी आपल्या शेजारी पाट मांडला आणि दस्तगीर यांना दंडाला धरून बसवलं. ते अवघडून बसले. पहिला घास घेताना त्यांनी मान इतकी खाली घातली की चेहरा दिसला नाही. फुफू तिकडे बघत नव्हती, पण तिने आपला घास तेव्हाच तोंडात घातला, आधी नाही.

तो रस्सा तिखट होता. फुफूचे कान लाल झाले. तिने भाकरी पुन्हा मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीत आम्ही मटण जेवलो. तांबडा रस्सा मला, पांढरा फुफूला. ज्यांना तिखटाची सवय नाही त्यांनी पांढऱ्यापासून सुरुवात करावी. तो नारळाच्या दुधात आणि खसखशीत केलेला असतो आणि गरम असतानाच प्यायचा असतो. त्या वेळी पूर्ण ताट रुपयांत मिळायचं, आज शेकड्यांत मोजावं लागतं, पण रस्सा अजूनही हवा तेवढा वाढतात. जेवणावरून उठल्यावर फुफू त्या शिंप्यांच्या दुकानात एकटीच जाऊन आली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत ती घाट उतरेपर्यंत तसबीह ओढत होती. निकाल काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी पोचलो तर अंगणात शेजारच्या बायका जमलेल्या. एकीने विचारलं, मिळालं का कोल्हापुरात आपलं हॉटेल? फुफू चपला काढत म्हणाली, हॉटेल मिळालं नाही. मग घागरीतून पाणी घेता घेता म्हणाली, "झेबू जूनमध्ये जाते आहे. तिच्या उशीला अभ्रे शिवायला हवेत."

त्या वरच्या खोलीत मी बरीच वर्षं राहिले. निवृत्तही त्याच शाळेतून झाले. या प्रवासातून काय राहिलं असं विचाराल तर एक सवय राहिली : कुणाकडे जेवायला गेले की मला काय चालत नाही ते आधी सांगते, आणि माझ्याकडे येणाऱ्याला आधी विचारते. लोकांना हे फटकळ वाटतं. वाटू दे.

पुढच्या वर्षी जत्रा झाल्यावर सुट्टीत मी रत्नागिरीला गेले. वर्षभराचं सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं, शाळेचं, मुलींचं, पहिल्या पगाराचं. मी उंबऱ्यावर होते, दोन्ही हातांत पिशव्या, आणि फुफू दारात उभी.

"दस्तगीर जेवला का?" तिने विचारलं.

"जेवले," मी म्हटलं. "तात्यांच्या शेजारी."

मग ती बाजूला झाली आणि मला आत येऊ दिलं.